निकामी ठरवलेल्या अक्षरांचा इतिहास



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने या व्यासपीठावर उभे राहिले की वेतन, बोनस, महागाई यांवर बोलावे अशी अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. आज मात्र आम्ही उंदीर, चिंपांझी, मेंढी आणि मनुष्य यांच्या पेशींतील एका मजकुराच्या इतिहासावर बोलणार आहोत. हा विषय आम्ही कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. सार्वजनिक ग्रंथालयातली पुस्तके, पाळीनंतरचे दोन तास आणि न समजलेले पान पुन्हा पुन्हा वाचण्याची सवय एवढ्या भांडवलावर जे समजले तेवढे आपल्यापुढे ठेवतो. हा विषय का निवडला, हे बोलण्याच्या ओघात स्पष्ट होईल. आरंभी इतकेच सांगतो की, अमुक गोष्ट निकामी आहे असे कोणी जाहीर केले की 'ते कशावरून?' असे विचारण्याची आमच्या धंद्यात सवय जडते. आणि या इतिहासाच्या मध्यभागी नेमका तोच प्रश्न उभा आहे.

प्रथम चार शब्द विषयाच्या ओळखीचे. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा लांबलचक रेणू असतो आणि त्यावर चार रासायनिक अक्षरांत एक मजकूर असतो. मनुष्याच्या एका संचात अशी सुमारे तीनशे कोटी अक्षरे भरतात. या मजकुराच्या काही तुकड्यांवरून प्रथिने तयार होतात. त्या तुकड्यांना आपण जनुके म्हणतो. मनुष्यात प्रथिने घडवणारी जनुके वीस हजारांच्या आसपास आहेत, आणि प्रथिनाची प्रत्यक्ष कृती सांगणारी अक्षरे एकंदर मजकुराच्या शेकडा दीड भागातच मावतात. मग उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णव भागांत काय आहे?

हा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही विचारता येतो. डोळ्याची पेशी आणि यकृताची पेशी यांत मजकूर एकच आहे. तरी एक पाहते आणि दुसरी पचनाला लागणारे पित्त तयार करते. ज्यांनी मागावर काम केले आहे त्यांना हे समजायला अवघड जाऊ नये. सूत तेच, धोटा तोच, विणकर तोच. पण जेकार्डवर भोकांचे पुठ्ठे बदलले की पदरावर कोयरीच्या जागी मोर उतरतो. कोणता धागा केव्हा उचलायचा हे पुठ्ठे ठरवतात. जनुके म्हणजे सूत असे धरले, तर पुठ्ठे कुठे आहेत?

या प्रश्नाचे पहिले ठाम उत्तर १९६१ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आले. ते देणारे दोघे, फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो, नाझी राजवटीशी प्रत्यक्ष लढलेले होते. मोनो हे फ्रान्समधील भूमिगत प्रतिकार चळवळीत होते. जाकोब यांना शल्यविशारद व्हायचे होते. १९४४ साली नॉर्मंडीत ते जबर जखमी झाले आणि तो मार्ग कायमचा बंद झाला, म्हणून ते प्रयोगशाळेकडे वळले. या दोघांनी आतड्यातील एका साध्या जीवाणूचा अभ्यास केला. दुधातील साखर समोर असली की हा जीवाणू ती पचवणारे प्रथिन बनवतो, नसली की बनवत नाही. कारण त्या जनुकाच्या अलीकडे डीएनएचा एक छोटा तुकडा असतो. साखर नसताना त्यावर एक प्रथिन कुलपासारखे बसून राहते, आणि साखर आली की ते उठते. म्हणजे मजकुरात दोन प्रकारची अक्षरे आहेत: माल कसा बनवायचा हे सांगणारी, आणि केव्हा बनवायचा हे ठरवणारी. १९६५ साली या दोघांना, त्यांचे ज्येष्ठ सहकारी आंद्रे ल्वोफ यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले.

इथे आमच्या चळवळीच्या हिशेबातील एक चूक कबूल करणे प्राप्त आहे. १९४८ साली सोव्हिएत संघात लायसेन्को या गृहस्थाच्या आग्रहावरून जनुकशास्त्र हेच भांडवलशाही थोतांड ठरवले गेले. त्याआधीच, १९४३ साली, निकोलाय वाविलोव हे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ तुरुंगात मरण पावले होते. जगभरच्या कामगार चळवळीतील पुष्कळांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या. मोनो हे स्वतः काही काळ कम्युनिस्ट पक्षात होते. पण त्यांनी त्याच वर्षी 'काँबा' या पॅरिसच्या दैनिकात लायसेन्कोविरुद्ध उघड लेख लिहिला. निकामी काय आणि उपयुक्त काय हे सभेतील हात मोजून ठरत नाही, हा धडा आम्हांला एका शास्त्रज्ञाने दिला आणि तो आम्ही उशिरा घेतला.

जीवाणूकडून आता सस्तन प्राण्यांकडे येऊ. १९६९ साली अमेरिकेत रॉय ब्रिटन आणि एरिक डेव्हिडसन यांनी असा सिद्धांत मांडला की, वरच्या प्राण्यांत नियमन करणारी अक्षरे पुष्कळ असली पाहिजेत आणि उत्क्रांतीतील बदल बहुधा तिथेच घडत असावेत. पण पुरावा तुटपुंजा होता. तो एका अनपेक्षित दिशेने आला. बर्कले येथील विद्यापीठात न्यूझीलंडहून आलेले अ‍ॅलन विल्सन हे प्राध्यापक होते. त्यांच्या हाताखाली मेरी-क्लेअर किंग ही तरुण विद्यार्थिनी मनुष्य आणि चिंपांझी यांच्या प्रथिनांतील फरक शोधण्याच्या कामाला लागली. तिने प्रथिनामागून प्रथिन तपासले. फरक शोधावा आणि साम्यच हाती यावे असे चालले. दोघांची प्रथिने सरासरीने शेकडा नव्याण्णवांहून अधिक सारखी निघाली. एखाद्याने काम फसले म्हणून सोडून दिले असते. पण एप्रिल १९७५ मध्ये किंग आणि विल्सन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला त्याने या अपयशालाच निष्कर्षाचे रूप दिले. विटा इतक्या सारख्या असताना दोन इमारती इतक्या वेगळ्या दिसत असतील, तर फरक विटांत शोधण्यात अर्थ नाही. कोणती वीट कुठे, केव्हा आणि किती लावायची, या हुकमात तो असला पाहिजे. त्या वेळी हे अनुमान होते. ते पडताळण्याइतका मजकूर वाचण्याची साधने अजून यायची होती.

याच मेरी-क्लेअर किंग १९८४ पासून अर्जेंटिनातील आज्यांच्या मदतीला गेल्या. १९७६ ते १९८३ या काळात तिथल्या लष्करी राजवटीने हजारो माणसे नाहीशी केली आणि त्यांची तान्ही मुले परस्पर दुसऱ्यांना देऊन टाकली. आई-बाप मारले गेलेले, मूल परक्या घरी वाढत असलेले. अशा वेळी आजी आणि नातवंड यांचे नाते रक्ताच्या तपासणीने कसे सिद्ध करावे, याचे शास्त्र उभे करण्यात किंगबाईंचा मोठा वाटा आहे. शास्त्र आणि न्याय ही दोन वेगळी खाती आहेत असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

परंतु १९७० नंतरच्या त्या दशकात एक शब्द फार पसरला. १९७२ साली सुसुमु ओनो या शास्त्रज्ञांनी डीएनएच्या पुष्कळशा भागाला 'जंक', म्हणजे भंगार किंवा अडगळ, असे म्हटले. न्यायाने सांगितले पाहिजे की ओनो यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. पिढीगणिक अक्षरांत चुका होतात. सगळीच अक्षरे मोलाची असती, तर त्या चुकांच्या ओझ्याखाली प्राणिजात केव्हाच बुडाली असती. पण युक्तिवाद मागे राहिला आणि शब्द पुढे धावला. प्रथिन घडवत नाही ते सारे भंगार, असा सोयीचा समज सर्वसामान्य लेखनात रूढ झाला. उत्पादन मोजताना फक्त मागावर उभा असलेला माणूस मोजायचा आणि बाकीचे सगळे 'जादा' म्हणायचे, अशातलाच हा प्रकार.

या समजाला तडे गेले ते रक्तातील हिमोग्लोबिनच्या अभ्यासाने. १९८१ साली झुरिक येथे वॉल्टर शाफ्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडातील एका विषाणूच्या डीएनएचा छोटा तुकडा घेऊन तो सशाच्या हिमोग्लोबिनच्या जनुकाला जोडला. जनुकाचे काम सुमारे दोनशे पट वाढले. आश्चर्य असे की, तुकडा उलटा लावला किंवा हजारो अक्षरे दूर लावला तरी परिणाम दिसे. अशा तुकड्यांना वर्धक हे नाव आपण वापरू. शास्त्रज्ञ त्यांना एन्हान्सर म्हणतात. पुढे १९८३ साली एका डच कुटुंबातील रक्तविकाराचे कारण शोधताना असे आढळले की, हिमोग्लोबिनचे एक जनुक अक्षर न् अक्षर शाबूत आहे, पण मुके आहे; कारण त्याच्यापासून दूर असलेला डीएनएचा मोठा तुकडा गळून गेला आहे. १९८७ साली लंडनमध्ये फ्रँक ग्रोसवेल्ड यांच्या गटाने त्या दूरच्या भागातील नेमकी नियामक अक्षरे उंदरात घालून दाखवली, आणि मनुष्याचे हिमोग्लोबिन उंदराच्या रक्तात पुरेपूर तयार होऊ लागले. ज्याला ओसाड रान समजत होते त्या रानातूनच कारखान्याची वीज येत होती.

आता प्रश्न असा की, या अफाट रानात वीजघर कुठे आहे हे ओळखावे कसे? जनुक ओळखण्याची खूण ठाऊक होती. वर्धकाला तशी सरळ खूण नाही. उपाय सापडला तो तुलनेत. १९८८ साली मॉरिस गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला पाऊलखुणांचे नाव दिले. गुडमन हे डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात होते. तेच डेट्रॉइट, जिथे मोटार कामगारांनी आपली संघटना लढून उभी केली.

त्यांची युक्ती आपल्याकडच्या पोथ्यांच्या उदाहरणाने समजते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली हे आपण जाणतो. नकलांत नकलनविसांचे फेरफार शिरतात. अनेक प्रती शेजारी ठेवल्या की कुठे काय बदलले आणि काय टिकले हे दिसू लागते. डीएनएच्या बाबतीत एक भेद मात्र आहे आणि तोच कळीचा आहे. पोथीत चूक झाली म्हणून पोथी मरत नाही. ती चुकीसकट पुढे जाते. प्राण्याच्या मजकुरात मोक्याच्या जागी चूक झाली तर तो प्राणी जगत नाही किंवा त्याला संतती होत नाही, आणि चूक तिथेच थांबते. म्हणून कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या प्राण्यांच्या मजकुरात जी अक्षरे अजून जशीच्या तशी आहेत, ती तशी राहण्याला बहुधा कारण आहे. बाकीचा मजकूर वाऱ्यावर भरकटतो. कामाची जागा वाळूतल्या पावलासारखी उमटून राहते.

गुडमन यांच्या गटाने या पद्धतीने गर्भाच्या हिमोग्लोबिनचा इतिहास उलगडला. आईच्या पोटात मूल असते तेव्हा त्याच्या रक्तात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते. ते प्राणवायू अधिक घट्ट धरते, त्यामुळे आईच्या रक्तातून तो ओढून घेता येतो. जन्मानंतर काही महिन्यांत हे हिमोग्लोबिन मागे पडते आणि प्रौढाचे सुरू होते. आता उंदरात पाहावे तर ही मधली अवस्थाच नाही: तिथे अगदी आरंभीच्या भ्रूणाचे हिमोग्लोबिन आणि मग एकदम प्रौढाचे. आफ्रिकेत गॅलॅगो नावाचा मोठ्या डोळ्यांचा, रात्री हिंडणारा लहानसा प्राणी आहे, माकडांचा दूरचा नातलग. त्याच्यात आपल्या गर्भाचे म्हणून जे जनुक आहे ते आहेच; पण ते भ्रूणावस्थेतच काम आटोपून थांबते. माकडे, वानर आणि मनुष्य यांच्या पूर्वजात मात्र त्याच जनुकाची पाळी बदलली आणि ते गर्भाच्या पुढच्या महिन्यांत काम करू लागले. शेळ्यामेंढ्यांनी तर ही गरज तिसऱ्याच वाटेने, प्रौढाच्या जनुकाची एक नक्कल गर्भाकडे लावून भागवली. कामगार तोच, पाळी निराळी. किंग आणि विल्सन यांनी १९७५ साली जे अनुमान केले होते, ते इथे एका जनुकापुरते डोळ्यांनी दिसले.

यानंतरचा इतिहास यंत्रांच्या वेगाचा आहे. मनुष्याच्या संपूर्ण मजकुराचा कच्चा खर्डा २००१ साली प्रसिद्ध झाला. सार्वजनिक पैशावर चाललेल्या त्या योजनेतील संशोधकांनी १९९६ साली बर्म्युडात असे ठरवले होते की, वाचलेली अक्षरे चोवीस तासांत सर्वांना मोफत खुली करायची. खासगी कंपनी शर्यतीत उतरल्यावरही इंग्लंडचे जॉन सल्स्टन या भूमिकेवरून हटले नाहीत. मानवजातीचा सातबारा कोणा एकाच्या नावे चढला नाही, याचे श्रेय अशा माणसांना आहे. डिसेंबर २००२ मध्ये उंदराचा मजकूर आला आणि मनुष्य व उंदीर हे दोन दस्त प्रथमच समग्र शेजारी ठेवता आले. दोघांचे पूर्वज सात-आठ कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झालेले. तुलनेतून दिसले की सुमारे शेकडा पाच अक्षरे निवडीच्या दाबाने टिकून आहेत. प्रथिनांची अक्षरे शेकडा दीडच. म्हणजे जपलेल्या मजकुराचा मोठा हिस्सा प्रथिनांच्या बाहेर होता.

२००४ साली गिल बेजेरानो, डेव्हिड हॉसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहून चकित करणारी गोष्ट दाखवली. मनुष्य, उंदीर आणि घूस यांच्याच कुळातला मोठा उंदीर, ज्याला इंग्रज रॅट म्हणतात, या तिघांत दोनशेहून अधिक अक्षरे सलग आणि तंतोतंत एक असलेले ४८१ तुकडे सापडले. एकाही अक्षराचा फरक नाही. अशा जपलेल्या तुकड्यांपैकी १६७ तुकडे उंदराच्या गर्भात तपासले, तेव्हा शेकडा पंचेचाळीस तुकडे वर्धकाचे काम करताना दिसले. हा निबंध २००६ चा. मग २००७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी यांपैकी चार तुकडे उंदरातून समूळ काढून टाकले. उंदीर मरतील अशी अटकळ होती. उंदीर जगले, वाढले, त्यांना पिल्ले झाली.

हा निकाल वाचून आम्हांला एका गिरणीची आठवण झाली. आम्ही तिथे बदली कामगार होतो. कामाचा अभ्यास करायला तज्ज्ञ आले आणि साच्यांना तेल घालणारी दोन माणसे त्यांनी जादा ठरवली. माणसे गेली. पहिल्या महिन्यात उत्पादन एक मीटरही घटले नाही, आणि व्यवस्थापनाने तो आकडा आमच्यापुढे विजयाने ठेवला. आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. आठव्या-नवव्या महिन्यात एकेक साचा खडखडू लागला, कापडात दोष दिसू लागले, मालाचा दर्जा उतरला. तोवर ती दोन माणसे गावी परतली होती. यावरून आम्ही एवढे शिकलो की, काढून टाकल्यावर काम थांबले नाही, हा निकामीपणाचा पुरावा होत नाही. किती काळ पाहिले आणि काय काय मोजले हेही विचारले पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी नेमके तेच विचारले, याबद्दल त्यांना मान दिला पाहिजे. २०१८ साली त्यांनी मेंदूच्या वाढीशी संबंधित असे तुकडे काढून उंदीर बारकाईने तपासले. उंदीर याही वेळी जगले होते, पण त्यांच्या मेंदूच्या विशिष्ट भागांच्या रचनेत दोष होते. पिंजऱ्यात आयते दाणापाणी मिळणाऱ्या उंदराचे असल्या दोषाने चालून जाते. रानात, पिढ्यान् पिढ्या, चालत नसावे. एरवी ती अक्षरे इतकी जपली गेली नसती.

काही वर्धकांच्या बाबतीत इतकी वाट पाहावी लागत नाही. हातपाय घडवण्याच्या कामी एक महत्त्वाचे जनुक आहे. त्याचा वर्धक त्याच्यापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर, चक्क दुसऱ्या जनुकाच्या पोटात बसलेला आहे. त्यात एका अक्षराची चूक झाली तर माणसाच्या हाताला सहावे बोट येते. तशीच चूक मांजरांतही सापडते. २००५ साली जपानी संशोधकांनी तो उंदरातून काढला, तेव्हा पिल्ले पायांचे नुसते खुंट घेऊन जन्मली. सापांत हा वर्धक विस्कळीत झालेला आहे. २०१६ साली सापाचा वर्धक उंदरात बसवला तर उंदराचे पाय वाढले नाहीत; आणि सापात गळालेली सतरा अक्षरे त्यात परत भरली, तर पाय पुन्हा आले. तीनशे कोटींतली सतरा अक्षरे!

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती लपवणे आम्हांला शोभणार नाही. जे जपले गेले तेच कामाचे, असेही म्हणता येत नाही. २०१५ साली केंब्रिजच्या डंकन ओडम यांच्या आणि इतर सहकाऱ्यांच्या गटाने वीस जातींच्या सस्तन प्राण्यांची यकृते तपासली. त्यांत देवमासाही होता. जनुकाच्या तोंडाशी असलेली नियामक जागा बहुतेक सर्व जातींत टिकून होती. पण दूरचे वर्धक फार झपाट्याने बदललेले होते. सर्व जातींना समान असे थोडेच, आणि पुष्कळसे त्या त्या शाखेत नव्याने कामाला लागलेले. यकृताचे काम सर्वत्र तेच, हुकमाचे कागद मात्र नवे. हे कागदच निर्णायक असतात की आजूबाजूची पेशी, याचा निकाल याच शास्त्रज्ञांच्या वर्तुळात २००८ साली लागला होता. मनुष्याचे एकविसावे गुणसूत्र बाळगणारे उंदीर त्यांनी घेतले. उंदराच्या यकृतातली उंदराचीच नियामक प्रथिने त्या परक्या गुणसूत्रावर बव्हंशी मानवी यकृतातल्याच जागी जाऊन बसली. पेशी उंदराची, प्रथिने उंदराची, पण हुकूम कागदावर लिहिला होता तोच पाळला गेला.

दुसऱ्या टोकाची अतिशयोक्तीही झाली. २०१२ साली एका मोठ्या योजनेच्या वतीने असे सांगितले गेले की शेकडा ऐंशी डीएनएला काही ना काही कार्य आहे. त्यावर पुष्कळ टीका झाली आणि ती योग्य होती. एखाद्या तुकड्यावर प्रथिन येऊन बसते एवढ्याने तो तुकडा उपयोगाचा ठरत नाही. हजेरीपटावर नाव असलेला प्रत्येकजण कामावर असतोच असे आम्हीही शपथेवर सांगणार नाही. सुमारे २४० सस्तन प्राण्यांचे मजकूर एकत्र ठेवणाऱ्या योजनेने २०२३ साली जो हिशेब दिला, त्याप्रमाणे मनुष्याच्या मजकुरातील किमान शेकडा १०.७ अक्षरे निवडीच्या दाबाखाली टिकलेली आहेत. म्हणजे ओनो यांचे म्हणणे पुष्कळ अंशी उभे राहते, आणि 'प्रथिनाबाहेरचे सारे भंगार' हा समज मात्र कोसळतो. सत्य दोन घोषणांच्या मध्ये कुठेतरी सापडले, आणि ते मोजून सापडले.

आता हा सारा प्रपंच कशासाठी, ते सांगतो. नंदुरबारचे भिल्ल आणि पावरा, गडचिरोलीचे माडिया आणि गोंड यांच्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. विदर्भातील काही दलित जातींतही तो आहे. प्रौढ हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. शेतमजुराला, बांधकामावरच्या मजुराला वेदनेचा झटका आला की त्या दिवसाची मजुरी गेली. मुकादमाच्या वहीत त्याची नोंद 'कामचुकार' अशी होते. मात्र जन्मलेल्या बाळाला पहिले काही महिने हा त्रास होत नाही, कारण गर्भाचे हिमोग्लोबिन अजून रक्तात असते. ते जन्मभर चालू ठेवता आले तर?

इथे गुडमन यांच्या पाऊलखुणांची वाट थेट रुग्णाच्या खाटेपाशी येते. २००८ साली बॉस्टनच्या संशोधकांनी दाखवले की बीसीएल११ए नावाचे प्रथिन गर्भाच्या हिमोग्लोबिनचे जनुक बंद करते. आणि २००९ साली असे दिसले की उंदीर आणि मनुष्य यांच्या पाळ्यांतील जो फरक आपण वर पाहिला, त्याच्या मुळाशीही हेच प्रथिन आहे. पण ते सरसकट काढून टाकता येत नाही, कारण मेंदूला आणि रोगाशी लढणाऱ्या पेशींना ते हवे असते. ते मुळीच नसलेली उंदराची पिल्ले जन्मतःच मरतात. २०१३ साली त्याच जनुकाच्या पोटात एक वर्धक सापडला, जो फक्त तांबड्या पेशी तयार होताना कामाला येतो. तोच तेवढा छेदला तर एकाच खात्यातला हुकूम रद्द होतो आणि बाकीची खाती चालू राहतात. २०१५ साली मनुष्य आणि उंदीर यांच्यातील या वर्धकाची अक्षरे एकेक करून तपासली, तर दोघांत वर्धक त्याच ठिकाणी असूनही मोक्याची जागा निराळी निघाली. केवळ उंदरावर विसंबले असते तर नेम चुकला असता. या ज्ञानावर उभा राहिलेला उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झाला. रुग्णाच्या अस्थिमज्जेतील पेशी बाहेर काढायच्या, वर्धक छेदायचा, आणि पेशी परत द्यायच्या.

अमेरिकेत त्याची किंमत जाहीर झाली बावीस लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या घरात. धडगाव तालुक्यातल्या मजुराला ही रक्कम मिळवायला किती जन्म लागतील, याचा हिशेब श्रोत्यांनी करावा.

आम्ही हा उपचार नाकारत नाही. तो मानवी बुद्धीचा विजय आहे. पण त्याच्या पायाशी असलेले ज्ञान कोणाच्या पैशाने उभे राहिले हे विसरू नये. पॅरिस, झुरिक, लंडन, डेट्रॉइट, बर्कले येथील बहुतेक काम सार्वजनिक पैशावर झाले आणि मजकूर सर्वांना मोफत खुला झाला म्हणून पुढे सरकले. त्या ज्ञानाचा शेवटचा टप्पा तेवढा विकत घ्यावा लागावा, ही निसर्गाची योजना नव्हे.

तोवर हातात काय आहे? हायड्रॉक्सियुरिया नावाची जुनी, स्वस्त गोळी आहे. तीही गर्भाचे हिमोग्लोबिन वाढवते, आणि पुष्कळ रुग्णांचे वेदनेचे झटके कमी करते. आपल्याकडच्या सिकलसेल रुग्णांत हे हिमोग्लोबिन मुळातच अनेकदा थोडे जास्त आढळते, म्हणजे निसर्गाने अर्धा हात पुढे केलेला आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले. त्या अभियानाकडे आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक आदिवासी तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही गोळी बाराही महिने मिळावी, तिच्यावर असलेल्या रुग्णाचे रक्त वेळच्या वेळी तपासले जावे, आणि झटका आलेल्या मजुराला त्या दिवसाची भरपगारी रजा असावी. मुकादमाच्या वहीत 'कामचुकार' लिहिण्याआधी कोणीतरी त्याच्या रक्ताचा थेंब पाहिलेला असावा.